पाणबुड्याचा दर

१९९५ सालच्या फेब्रुवारीत रणवरे साहेबांनी महिपती मारकडला कचेरीत बोलावून चक्क खुर्ची दिली. महिपती बसला नाही. साहेबानं खुर्ची दिली की पुढं कशावर तरी सही करावी लागते, एवढं सतरा वर्षांच्या नोकरीत त्याला कळलं होतं.

लासुर्ण्याच्या अलीकडे कालव्याच्या काठावर पाणी खात्याचं एक दुरुस्ती केंद्र होतं. कालव्यांची दारं, पंप, क्रेन, लोखंडाचं जे बिघडेल ते तिथं यायचं. चौतीस माणसं रोजंदारीवर होती. महिपती त्यांच्यातला फिटर आणि त्यांनी निवडून दिलेला प्रतिनिधी. रणवरे तिथले उपअभियंता.

"तुमची मागणी मान्य झालीय," रणवरे म्हणाले. "बाहेर कारखान्यात जो रोज मिळतो तो आम्हालाही द्या, म्हणून मोर्च्यात ओरडत होता ना? आता जा आणि बाहेर विचारून या. व्यवहारे येतील तुमच्याबरोबर."

व्यवहारे हा नवा कनिष्ठ अभियंता. इंदापूरकडच्या माळ्याचा मुलगा, भाजीच्या पाट्या वाहून शिकलेला. त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. तो दाराशी हात मागं बांधून उभा होता.

टेबलावर एक तक्ता होता. अकरा कामं. प्रत्येक कामापुढं तीन खाजगी कारखान्यांतला रोज लिहायचा, सरासरी काढायची, दोघांनी सह्या करायच्या. मग पुण्याची समिती ते बघणार आणि एप्रिलपासून नवा दर लागणार. ज्या कामाला बाहेर जोड सापडणार नाही, ते अकुशल धरायचं. मुदत महिनाअखेर.

महिपतीनं बोट ठेवून एकेक काम वाचलं. फिटर, वेल्डर, टर्नर, लोहार, सुतार. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'पाणबुड्या. कामाचे स्वरूप : पाण्यात उतरणे.'

तिथं त्याचं बोट थांबलं.

पाणबुड्या म्हणजे आबाजी भोंग. पाण्याखाली दार अडकलं, जाळी तुंबली की त्याला उतरवत. नळी नाही, टाकी नाही, छातीत मावेल तेवढीच हवा. विहिरींत पडलेले पंप काढता काढता तो हे काम शिकला होता. सहा वर्षांपूर्वी वर्गवारी झाली तेव्हा तक्त्यात त्याच्या कामाला रकानाच नव्हता. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "सध्या अकुशलमध्ये टाका, नाहीतर सगळ्यांचंच अडेल." महिपतीनं सही केली होती. आबाजीला न विचारता. बाकीच्यांचा रोज वाढला आणि आबाजी मातीच्या पाट्या उचलणाऱ्यांच्या ओळीत राहिला. तेव्हापासून तो महिपतीशी कामापुरतंच बोलायचा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मात्र तो स्वतःहून आला.

"ह्या बारीला बी मला खालीच ठेवणार का?"

"अजून काय बी ठरलं न्हाय, आबाजी."

"मागं बी असंच म्हणला होतास." आबाजीचा आवाज चढला नव्हता, पण आजूबाजूला डबे खाणारे थांबले. "एक इचारतो. माझी सही न्हाय, अंगठा न्हाय. मग तू सही केलीस ती कुणाच्या वतीनं?"

आबाजी उत्तरासाठी थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यवहाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून दोघं बारामतीच्या एमआयडीसीत गेले. पहिल्याच वर्कशॉपच्या मालकानं कागद बघून विचारलं, "इन्कमटॅक्सचं आहे का हे?" नाही म्हटल्यावरही त्यानं हातचं राखूनच सांगितलं. वेल्डरला पन्नास रुपये रोज. सहीशिक्क्यानिशी लिहूनही दिलं.

पाळी सुटायची वेळ झाली होती. फाटकाबाहेर मोटारसायकली सुरू करणाऱ्यांत महिपतीनं एका वेल्डरला गाठलं. त्यानं सत्तर सांगितले.

"मालकानं लेखी दिलंय, मारकड," व्यवहारे हळूच म्हणाला. "फाटकावरचं तोंडी कसं धरायचं?"

"तोंडी धरा म्हणतच न्हाय मी. त्याची चिठ्ठी बघा."

वेल्डरनं पाकिटातून पगाराची घडी घातलेली चिठ्ठी काढून दिली. व्यवहाऱ्यानं ती दोनदा वाचली. मग पन्नासवर रेघ मारून सत्तर लिहिले. दोघं परत मोटारसायकलपाशी आले.

"आकडे जरा आटोक्यात ठेवा, असं साहेबांनी सांगितलंय मला," तो म्हणाला. "माझी नोकरी कायम व्हायचीय अजून."

"आमची बी," महिपती म्हणाला.

चार दिवसांत दहा कामं भरून झाली. पाणबुड्याचं नाव काढलं की माणसं हसायची. दूध डेअरीच्या मॅनेजरनं विचारलं, "आमच्याकडं काय दुधात बुडवू त्याला?" व्यवहारेही हसला, महिपती हसला नाही. सव्वीस तारखेला तो म्हणाला, "सायेब, एकदा भिगवणला जाऊ. तितं पाणी हाय."

भिगवणला स्टेशनाच्या रस्त्यावर सरुबाईचा मासळीचा व्यापार होता. धरणाच्या फुगवट्यात तिच्या पाच होड्या चालायच्या. ती बर्फाच्या पेट्यांपाशी उभी राहून माल मोजून घेत होती. दोघांचं ऐकून घेताना तिनं हात थांबवला नाही.

"असत्यात की तसली माणसं," ती म्हणाली. "होडीचं इंजिन बुडतं, जाळं खाली अडकतं. मग उतरवायला लागतं. एका बुडीला शंभर. थंडीच्या दिसात सव्वाशे."

व्यवहाऱ्यानं वही काढली. महिपतीला एकदम हलकं वाटलं. आबाजीला तेव्हा दिवसाला अडतीस रुपये मिळत होते.

"मावशी, हे असंच्या असं लिव्हतो. खाली तेवढा अंगठा द्या," तो म्हणाला.

सरुबाईचा हात थांबला. "न्हाय देणार."

"आमी काय पोलीस न्हाय, मावशी. आमच्या एका माणसाचा रोज ठरवायचाय."

"पावणं, मागल्या साली माझा भाऊ उतरला होता. जुनं गाव हाय पाण्याखाली, त्याच्या भिंतीत जाळं अडकलं होतं. वर आला न्हाय. पोलिसांनी पयलं काय इचारलं ठाव हाय? कामाला लावला होता का, आन् किती देत होता." तिनं पदरानं हात पुसले. "सख्ख्या भावाच्या जिवाचा दर मला इचारला. तवापासनं असल्या कागदावर अंगठा द्यायचा न्हाय, असं ठरवलंय मी."

महिपती काही बोलायला गेला, पण तीच पुढं म्हणाली, "शंभर म्हणले ते वर आलेल्याचे. खाली राहिलेल्याचा दर कुठं लिव्हणार तुमी?"

पाठीमागं कुणीतरी माल मोजायला हाक मारली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रणवऱ्यांनी तक्ता बघितला, तेव्हा शेवटच्या ओळीशी त्यांनी पेन ठेवलं. "एक बाई. तीही सही देत नाही. नियमाप्रमाणं तीन कारखाने लागतात, तेही दहापेक्षा जास्त कामगारांचे. अकुशल लिहा आणि सह्या करा."

"सायेब, त्याचं काम अकुशल न्हाय."

"मी कुठं म्हणतो आहे? नियम मी केला नाही. फिटरचा रोज कितीनं वाढतोय बघितलंत? पंधरा रुपयांनी. एका माणसापायी तेहतीस जणांचा एप्रिल घालवू नका, मारकड."

सहा वर्षांपूर्वी असंच वाक्य दुसऱ्या साहेबाच्या तोंडून ऐकलं होतं. महिपती म्हणाला, "उद्यापतुर थांबा." साहेबांनी तक्ता खणात टाकला.

केंद्रात बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी सुटताना तात्याबा लोहारानं त्याला अडवलं. तात्याबा सगळ्यांत वडील, त्याचा शब्द बाकीचे मानायचे. "सही करून टाक, महिपती. आबाजीचं म्होरल्या येळंला बघू."

"म्होरली येळ सा वर्सांनी येती, तात्या."

"मग आमी बी सा वर्सं थांबायचं का?"

मागं दहाबारा जण उभे होते. ते तात्याबाच्या बाजूनं होते. महिपतीनं सायकल घेतली. निघताना एकाही माणसानं त्याला रामराम केला नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या दिवशी, सकाळी आठला वायरलेसवर निरोप आला. उन्हाळी पिकांसाठी साठवण तलावातून पोटकालव्याला पाणी सोडलं होतं आणि पोटकालव्याचा भराव एका वस्तीजवळ पाझरायला लागला होता. तलावाचं दार ताबडतोब बंद करायला हवं होतं. दार खाली येत होतं, पण पुरतं नाही. वीतभर फट राहून ते घट्ट अडकलं होतं. चाक फिरवणाऱ्या चौघांच्या तळहातांची सालटी निघाली होती.

ट्रकमधून सगळे तलावावर गेले. दारावर वीस फूट पाणी होतं. वरून नुसतं गढूळ, शांत दिसत होतं. पलीकडे मात्र फटीतून पाणी तोफेसारखं उसळत पोटकालव्यात पडत होतं. मोटारसायकलवरून आलेला कालवा निरीक्षक सांगत होता, पाझर मनगटाएवढा होता तो आता मांडीएवढा झालाय. वस्तीत बावीस घरं.

"भोंगला उतरवा," रणवरे म्हणाले.

आबाजी दगडी कठड्यावर बसून पाण्याकडं बघत होता. तो उठला, सदऱ्याची गुंडी काढली, मग थांबला.

"उतरतो सायेब. पर आधी सांगा, काय म्हणून उतरवताय? अकुशल म्हणून? मी खाली राहिलो तर माझ्या बायकूला, तानूबाईला काय सांगणार? पाटी उचलताना मेला म्हणून?"

"भोंग, खाली माणसं आहेत!" रणवरे ओरडले. "ही वेळ आहे का?"

"मला ठाव हाय. माझी भन दिलीय त्या वस्तीवर. मी उतरायचं न्हाय म्हणलोय का? फकस्त लिवून ठेवा म्हणतोय."

"नंतर लिहू. मी शब्द देतो."

महिपती दाराच्या खोलीत गेला आणि दाराची नोंदवही घेऊन आला. दार कधी उघडलं, कधी बंद केलं, कुणी केलं, हे सगळं त्या वहीत लिहायचा रिवाज होता. कठड्यावर वही ठेवून त्यानं लिहिलं. तारीख, वेळ. पाणी वीस फूट, दार वीतभर उघडं, अडथळा काढण्यासाठी आबाजी भोंग, पाणबुड्या, कुशल कामगार, याला उतरवले.

रणवरे खांद्यावरून वाचत होते. "कुशल हा शब्द लिहायचा अधिकार तुम्हाला नाही."

"मग तुमी लिव्हा, सायेब." महिपतीनं पेन पुढं केलं.

रणवऱ्यांनी पेन घेतलं नाही. महिपतीनं त्या ओळीखाली आपली सही केली. तेवढ्यात व्यवहारे पुढं आला, पेन महिपतीच्या हातातून घेऊन त्यानंही खाली सही केली. साहेबांकडं त्यानं बघितलंही नाही.

"लिव्हलंय, आबाजी. बघ."

"मला कुठं वाचाय येतंय?" आबाजी म्हणाला. तो केव्हाच उघडा होऊन कमरेला दोर बांधत होता. "आता ऐका नीट. दोर महिपती धरंल. दोनदा वढलं की ढिला सोडायचा. तीनदा वढलं की वर घ्यायचं. काईच वढलं न्हाय तर शंभर मोजायचं आन् वर घ्यायचं. आन् चाकावरचे हात काढा. मी खाली असताना दार केसभर बी हालता कामा न्हाय."

"पण दार थोडं उचललं तर अडकलेलं सुटेल ना?" व्यवहाऱ्यानं विचारलं.

"फट वाढली की पाण्याची वढ वाढती, सायेब. माणूस दारावर चिकटतो. मग दहा जणांनी दोर वढला तरी सुटत न्हाय. फटीच्या म्होरं जायाचंच न्हाय. बगलंच्या भिंतीला पाठ लावून उतरायचं, हातानं चाचपत. वढ लागायला लागली की पायाच्या केसाला कळतं. तितं थांबायचं."

व्यवहारे नोंदवहीच्या मागच्या पानावर भराभरा लिहायला लागला.

पहिल्या बुडीत महिपतीनं पन्नासपर्यंत मोजल्यावर आबाजी वर आला. "बाभळीचं खोड हाय. अर्धं आत, अर्धं भाईर. तार द्या." दुसऱ्या बुडीत तो लोखंडी तारेचं टोक घेऊन गेला आणि साठला वर आला. तार खोडाखालून घातली होती, पण गाठ बसली नव्हती. त्याचे ओठ निळसर झाले होते. निरीक्षक परत येऊन सांगत होता, वस्तीतली माणसं गुरं सोडून बाहेर निघालीत. आबाजीनं चार मोठे श्वास घेतले आणि तो तिसऱ्यांदा गेला.

महिपती मोठ्यानं मोजत होता. साठ. सत्तर. दोर हातात जिवंत होता, थोडा थोडा सरकत होता. ऐंशीला तो सरकायचा थांबला. नव्वद. पंच्याण्णव. शंभरला महिपतीनं ओढायला सुरुवात केली. दोर आला नाही.

"अडकला!" कुणीतरी ओरडलं.

"दार उचला!" रणवरे ओरडले. "दोन फेरे द्या, पटकन!"

चौघांनी चाकाला हात घातले.

"हात काढा!" महिपती असा किंचाळला की तात्याबा लोहार, जो चाकापाशी होता, तो मागं कोलमडला. "चाकाला हात लावला तर हितंच तोडीन एकेकाला!"

"मारकड, माणूस मरेल!"

"उचललं तर मरंल! त्यानं सांगितलंय!"

रणवरे थबकले. महिपतीनं दोर ढिला सोडला. हे आबाजीनं सांगितलं नव्हतं. ओढून येत नसेल तर कुठंतरी कोपऱ्यात घासत असेल, एवढंच त्याच्या मनात आलं. तो मोजत राहिला. एकशे नऊ. एकशे दहा. दोराला एक हिसका बसला. मग दुसरा. मग तिसरा.

पाच जणांनी मिळून त्याला वर घेतलं. नाकातून रक्त येत होतं, उजव्या कानातूनही. कठड्यावर पालथा पडून तो खोकत राहिला. मग एक बोट वर करून त्यानं गाठ बसल्याची खूण केली.

चेनपुली लावून तार ताणली, दार दोन फेरे वर घेतलं आणि बाभळीचं खोड खरडत बाहेर आलं. दार बसलं तेव्हा सव्वादहा वाजले होते. पोटकालवा ओसरला. भराव फुटला नाही. दोन अंगणांत पाणी शिरलं होतं आणि थोडा कांदा भिजला होता, तेवढंच.

दुपारी रणवऱ्यांनी दोघांनाही बोलावलं. नोंदवही टेबलावर होती.

"हे पान परत लिहून काढा. सगळी हकीकत असू द्या, फक्त तो शब्द काढा. वर मलाच विचारतील."

महिपती बोलायच्या आत व्यवहारे म्हणाला, "त्या पानावर आता माझीही सही आहे, साहेब. मी ती दुसऱ्या पानावर करणार नाही." त्यानं खिशातून घडी घातलेले कागद काढले. "आणि तक्त्याला जोडायला मी कामाचं वर्णन लिहिलंय. दीड पान आहे."

रणवऱ्यांनी नोंदवही मिटून बाजूला सारली. सकाळी त्यांनी दार उचलायला सांगितलं होतं, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. शेवटी ते म्हणाले, "घेऊन जा तक्ता. पुण्यात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा."

पुण्याची समिती मार्चच्या मध्याला बसली. अध्यक्ष एक वयस्कर अभियंता होते. दहा कामं त्यांनी अर्ध्या तासात उरकली. अकराव्याशी चष्मा काढला.

"बाहेर या कामाला दर नाही. मग मी कशाशी जुळवून बघू?"

"दर हाय सायेब," महिपती म्हणाला. "भिगवणला एक बाई देती. पर ती अंगठा देत न्हाय, कारण तिचा भाऊ त्याच कामात गेला. कागद न्हाय माझ्याकडं. तिनं सांगितलं तेवढं मी सांगतो." आणि त्यानं सरुबाईचं बोलणं, शब्द न बदलता, सांगितलं.

अध्यक्षांनी व्यवहाऱ्याला विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत त्याला काम करताना?"

"हो सर. मी इंजिनिअर आहे. दार थोडं उचलावं, असं मीच त्याला सुचवलं होतं. माझं ऐकलं असतं तर तो मेला असता. जे मला ठाऊक नव्हतं ते त्याला ठाऊक होतं. याला अकुशल म्हणायचं असेल तर मला काय म्हणायचं?"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी दीड पान पहिल्यापासून वाचलं.

आदेश जूनमध्ये आला. सगळ्यांचे दर एप्रिलपासून वाढले आणि पाणबुड्या कुशल वर्गात, फिटरच्या बरोबरीनं. केंद्रात पेढे वाटले. तात्याबानं स्वतःच्या हातानं आबाजीला पेढा भरवला. व्यवहाऱ्याची नोकरी कायम करायचं मात्र सहा महिने पुढं गेलं. कारण कुणी दिलं नाही.

आदेशाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. पाणबुड्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी. इंदापूरच्या डॉक्टरनं आबाजीच्या उजव्या कानात बॅटरी धरली आणि विचारलं, "हा पडदा कधी फाटला?" मग पाण्यात उतरण्यास अपात्र असं लिहून दिलं. आबाजीला दारावरचा मदतनीस केलं. अर्धकुशल.

ही बातमी महिपतीच त्याच्या घरी घेऊन गेला. तानूबाईनं पाणी दिलं आणि ती आत गेली नाही, तिथंच बसली.

"म्हंजी दर पाणबुड्याला मिळाला," आबाजी म्हणाला. "आबाजीला न्हाय."

"मी अर्ज करतो. कान कामावर गेला, त्याचा पुरावा नोंदवहीत हाय."

"कर." मग त्यानं विचारलं, "दोर वढून आला न्हाय, तवा ढिला का सोडलास?"

"घासतोय असं वाटलं."

"दगडाच्या कोपऱ्याला अडकला होता. ढिला केलास म्हणून निघाला." एवढंच म्हणून त्यानं तानूबाईला चहा ठेवायला सांगितलं.

अर्जाला वर्षभरात काही उत्तर आलं नाही. आबाजीच्या जागी भिगवणचा दादासो नावाचा माणूस आला. तिशीचा, दणकट, फुगवट्याच्या पाण्यात वाढलेला. पहिल्या दिवसापासून कुशल दरानं. पहिल्यांदा त्याला तलावाच्या दारापाशी उतरवायचं होतं, तेव्हा व्यवहाऱ्यानं रीतसर आदेशाला जोडून आलेलं कामाचं वर्णन वाचून दाखवलं. आबाजी डावा कान पुढं करून ऐकत होता.

"...कामगाराने दारासमोरून उतरून..."

"थांबा," आबाजी म्हणाला. "समोरून? कुणी लिव्हलं हे?"

व्यवहाऱ्यानं कागद परत बघितला. पुण्यात टाइप करताना 'बगलेच्या भिंतीला पाठ लावून' ही ओळ गळली होती आणि कुणीतरी आपल्या मनानं वाक्य जुळवलं होतं.

"हे वाचून उतरला तर ह्यो मरंल," आबाजी म्हणाला. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळं तो हल्ली ओरडूनच बोलायचा. "दुरुस्त करा. आत्ताच्या आत्ता. त्याशिवाय मी ह्याला उतरू द्यायचा न्हाय."

व्यवहाऱ्यानं तिथंच पेननं ओळ खोडली, समासात बरोबर लिहिलं आणि खाली सही केली. पुण्याला पत्र संध्याकाळच्या टपालानं जाणार होतं. तोवर आबाजी दादासोला भिंतीपाशी घेऊन गेला, त्याची पाठ दगडाला टेकवली आणि गुडघ्याखाली हात लावून ओढ पायाला कुठं कळते ते दाखवायला लागला.